इतर परिस्थिती कायम असताना

दादाने चाळीच्या बांबूंमधून हात घालून एक कांदा काढला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि माझ्या लेकीला विचारलं, “हा आज विकू का ठेवू? दोन वर्षं झाली तुला अर्थशास्त्र शिकून. सांग.”

गोष्ट २०२५ च्या मे महिन्यातली. माझं माहेर निफाड तालुक्यात, लासलगावची बाजार समिती ट्रॅक्टरने पाऊण तासावर. बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. दादाचा मुलगा विज्ञान शाखेचा, गणितात बरे मार्क पडलेले. त्याने बी.एस्सी. ॲग्री करावं असं दादाच्या मनात होतं, आणि सुट्टीला आलेल्या माझ्या लेकीने त्याच्या कानात अर्थशास्त्र भरवलं होतं. ती पुण्यात अर्थशास्त्रात बी.एस्सी. करते, दुसरं वर्ष नुकतंच आटोपलेलं. मीही याच विषयाची पदवीधर, पण आर्ट्सची, तालुक्याच्या कॉलेजातली, १९९४ सालची. पुढे बँकेत चिकटले. त्यामुळे दोन्ही पक्ष मला आपापला साक्षीदार समजत होते. मी कुणाच्याच कामी आले नाही, हे आधीच सांगून टाकते.

लेकीने मोबाइल काढला. “आजचा भाव काय, मामा?”

“बाराशे धर.”

“घट किती येते?”

“ऑक्टोबरपर्यंत तीस टक्के धर. हा अवकाळी असाच चालू राहिला तर जास्तच.”

“म्हणजे शंभर क्विंटल आज विकला तर एक लाख वीस हजार. ठेवला तर हातात राहणार सत्तर क्विंटल. शिवाय आजच्या पैशांनी कर्ज फेडलं असतं तर पाच महिन्यांचं व्याज वाचलं असतं. महिना टक्का धरला तर सहा हजार. एक लाख सव्वीस हजार भागिले सत्तर…”

“अठराशे,” दादा म्हणाला. तिचं बोट अजून भागाकाराच्या चिन्हावर होतं. “अठराशेच्या खाली गेला तर ठेवणारा बुडाला. हमाली आणि चाळीचा खर्च वेगळा.”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. बापाने चाळ बांधली तेव्हापासून येतं. आता तू सांग, हे शिकायला पुण्यात खोली घेऊन तीन वर्षं कशाला घालवायची? ह्याने तीन वर्षं माझ्या मागे लिलावाला यावं.”

याला पुस्तकात वैकल्पिक खर्च म्हणतात. एक गोष्ट निवडताना जी सोडली, तिची किंमत. दादाला शब्द माहीत नव्हता, पण गणित तोंडपाठ होतं, आणि तेच गणित त्याने आता पोराच्या डिग्रीला लावलं होतं. फी, खोली, मेस हे दिसणारे खर्च. तीन वर्षं शेतात नसलेला एक धडधाकट माणूस, हा न दिसणारा. मला वाटलं, लेक आता हरली.

“मामा, तुम्ही तुमच्या चाळीचा हिशोब केलात,” ती म्हणाली. “पण हाच हिशोब आज तालुक्यातल्या प्रत्येक चाळीसमोर कुणीतरी करतंय. सगळ्यांचं उत्तर ‘ठेवू’ असं आलं आणि सगळ्यांनी एकदम दिवाळीच्या तोंडावर चाळी फोडल्या, तर अठराशे कुठून मिळणार?”

“नाही मिळणार.”

“मग एकट्याचं बरोबर उत्तर सगळ्यांनी मिळून चुकीचं ठरतं. हे चाळीत उभं राहून नाही दिसत.”

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दिसतं. पण दिसून काय करणार?”

वहिनीने चहा आणला. इथे मला एक जुनी गोष्ट आठवली. अर्थशास्त्राची ओळख सामान्य वाचकाला करून देणारं एक गाजलेलं इंग्रजी पुस्तक १८१६ साली जेन मार्सेट नावाच्या बाईने लिहिलं, आणि ते पूर्ण संवादात आहे. एक शिकवणारी बाई, एक कॅरोलाइन नावाची शंकेखोर मुलगी. त्यात शंका काढणारी धाकटी असते आणि उत्तरं मोठीकडे असतात. आमच्याकडे उलटं चाललं होतं, आणि शंकेखोराच्या मिशा पांढऱ्या झालेल्या होत्या.

“कांदा दुप्पट स्वस्त झाला म्हणून घरात दुप्पट खाल्ला जातो का?” लेकीने वहिनीला विचारलं. वहिनी हसली. “भजी होतील दोन दिवस.” “बस, तेवढंच. आणि महागला तरी फोडणीपुरता लागतोच. म्हणून माल थोडा जास्त झाला की भाव थोडा पडत नाही, कोसळतो. आणि थोडा कमी झाला की भडकतो. मागणीला लवचिकता नाही असं म्हणतात याला. १६९९ मध्ये डॅव्हनंट नावाच्या इंग्रजाने धान्याबद्दल आकडे छापलेत. पीक एक दशांश कमी आलं तर भाव तीन दशांशांनी चढतो, दोन दशांश कमी आलं तर आठ दशांशांनी.”

“म्हणजे देवाने चांगलं पिकवलं की शेतकरी मेला,” दादा म्हणाला.

“हो. सवातीनशे वर्षांपूर्वीच्या आकड्यांचा अर्थ तोच निघतो.”

“आणि सवातीनशे वर्षांत औषध नाही सापडलं?”

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांदा विकून हातात आलेले १०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले होते. देशभर बातमी झाली. त्या आठवड्यात दादाही दोन ट्रॉल्या घेऊन गेला होता. घरी आल्यावर तो जेवला नाही एवढंच वहिनीने मला फोनवर सांगितलं होतं.

लेकीने एक काडी उचलली आणि चाळीपुढच्या ओल्या मातीत दोन रेघा ओढल्या, एक उतरती, एक चढती. “ही मागणी, हा पुरवठा. आता बघा. यंदा भाव चांगला मिळाला, म्हणून पुढच्या वर्षी सगळ्यांनी उळं टाकलं, लागण वाढली. माल वाढला, भाव पडला. पडला म्हणून त्याच्या पुढच्या वर्षी लोकांनी मका लावला. कांदा कमी, भाव परत वर.” काडी रेघांवरून आडवी-उभी, आडवी-उभी फिरत राहिली आणि मातीत खरोखरच कोळ्याचं जाळं तयार झालं. “याला जाळ्याचा सिद्धांतच म्हणतात. काल्डोरने १९३४ मध्ये हे नाव दिलं, इझिकिएलने १९३८ मध्ये सविस्तर मांडला. डुकरांच्या भावातही हेच चक्र दिसलं होतं.”

“आमची तुलना डुकरांशी?”

“डुक्कर पाळणाऱ्यांशी, मामा.”

दादा उकिडवा बसून ते जाळं बराच वेळ पाहत होता. मग त्याने जे विचारलं, त्यासाठी हा लेख मी लिहायला घेतला. “यात असं धरलंय की शेतकरी बैल आहे. मागच्या वर्षीचा भाव बघून यंदा लावतो, फसतो, आणि परत तेच करतो. तीस वर्षं मी कांदा लावतोय. एवढं मला कळणार नाही का, की सगळ्यांनी लावलाय म्हणजे पडणार?”

लेकीचा चेहरा एकदम उजळला. परीक्षेत न आलेला प्रश्न घरी कुणी विचारावा तसा. “मामा, अगदी हीच शंका १९६१ मध्ये जॉन म्यूथ नावाच्या माणसाने लिहून छापली. तो म्हणाला, माणसं पुन्हा पुन्हा तीच चूक करतील असं धरून सिद्धांत उभा करू नका. सिद्धांत मांडणाऱ्याला बाजार जेवढा कळतो तेवढा शेतकऱ्यालाही कळतो असं धरा. त्याच्या त्या लेखातून पुढे सगळी एक शाखाच निघाली. तुमचं डोकं आणि त्याचं डोकं एका जागी पोचलं.”

“मग त्याने काय उत्तर काढलं?”

“की सगळ्यांना सगळं कळत असेल, तर असं जाळं बनायलाच नको.”

“पण बनतं.”

“बनतं.”

“कारण मला कळून उपयोग नाही,” दादा म्हणाला. “भाव पडणार हे कळतं, तरी लावतो. चाळ बांधून ठेवलीय, तिचं कर्ज आहे. ठिबकला पैसा घातलाय. मका लावला तर वर्षाचा खर्च निघत नाही, आणि कांद्यात चार वर्षांत एक वर्ष असं येतं की त्यात मुलीचं लग्न होतं. त्या एका वर्षासाठी बाकीची तीन. तुझा पहिला म्हणतो मी मूर्ख, दुसरा म्हणतो मी शहाणा. मी दोन्ही नाही. मी अडकलोय.”

कांदा लावणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढण्यासारखं आहे हे आम्ही बँकेत बसून किती वेळा हसत म्हटलं असेल. तिकीट का काढावं लागतं याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. लेकीने वही आणून त्याचं शेवटचं वाक्य लिहून घेतलं. दादाला ते आवडलं आणि नाही आवडलं, दोन्ही.

“आणि तुझ्या त्या जाळ्यात सरकार कुठाय?” त्याने काडी तिच्या हातातून घेतली. “ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क. डिसेंबरच्या आठ तारखेला निर्यातच बंद. मे २०२४ मध्ये उठवली, पण टनाला साडेपाचशे डॉलरच्या खाली पाठवायचा नाही, वर चाळीस टक्के शुल्क आहेच. सप्टेंबरात ती डॉलरची अट काढली, शुल्क वीसवर आणलं. यंदा एक एप्रिलला तेही गेलं. कधी? उन्हाळ कांदा बाजारात धो-धो यायला लागल्यावर.” प्रत्येक तारखेला त्याने जाळ्यावर एक फुली मारली. शेवटी रेघा दिसेनाशा झाल्या.

“पुस्तकात यासाठी एक वाक्य असतं,” लेक जरा ओशाळून म्हणाली. “इतर परिस्थिती कायम असताना.”

दादा इतका मोठ्याने हसला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. ते वाक्य मी १९९४ मध्ये किमान दोनशे वेळा लिहिलं असेल. प्रत्येक सिद्धांताच्या शेपटीला ते असायचंच. कायम राहणारी ही इतर परिस्थिती म्हणजे नेमकं काय, आणि ती राहिली नाही तर काय होतं, असं ना आम्ही विचारलं, ना परीक्षेत आलं.

लेक मात्र इथे सोडायला तयार नव्हती. “निर्यातबंदी झाली त्या वर्षी मी पहिल्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुमारास मेसवाल्या काकूंनी ताटातला कांदा बंद केला. कोबी चिरून द्यायच्या.”

“कोबी खाऊन कुणी मेलं का?”

“मी नाही मेले. पण मेसच्या मागे ज्या बाया पोळ्या लाटतात त्यांचं जेवण चटणी-भाकरी-कांदा असतं. त्यांच्यासाठी कांदा म्हणजे भाजी. त्यांच्यातलं कुणी निर्यातबंदी करा असं म्हणायला गेलं नव्हतं, पण ती त्यांच्या नावाने झाली. तुम्ही म्हणता सरकारने आपल्याला बुडवलं. खरंय. पण हिशोबाच्या दुसऱ्या बाजूला कोण आहे, हेही मांडावं लागतं. फक्त आपल्या गावच्या बाजूने मांडलेल्या हिशोबाला मागणीपत्र म्हणतात.”

दादा गप्प झाला, पण पटलं म्हणून नव्हे. “त्या बायांना स्वस्त कांदा द्यायचा तर सरकारने आपल्या खिशातून द्यावा,” तो शेवटी म्हणाला. “माझ्या खिशातून का?” आणि खरं तर हा प्रश्नही अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातलाच आहे. किंमत दाबायची की गरजूच्या हातात पैसा द्यायचा. लेक म्हणाली, “हेच, मामा, हेच आम्हाला शिकवतात.” दादा म्हणाला, “मग शिकून दिल्लीला जा आणि त्यांना सांग.”

यानंतर वाद डिग्रीवर आला, आणि इथे मला तोंड उघडावं लागलं. दादाचं म्हणणं असं की मी शिकले त्या अर्थशास्त्राने मला काय दिलं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलंय. खरंच आहे. आमच्याकडे अर्थशास्त्र स्पेशल घ्यायचं ते इंग्रजी अवघड म्हणून आणि भूगोलाला प्रॅक्टिकल असतं म्हणून. व्याख्या, गृहीतके, आकृती, टीका, असा प्रत्येक उत्तराचा साचा. मार्शलची व्याख्या, मग रॉबिन्सची व्याख्या, मग दोन्हींची तुलना. सर चांगले होते, पोटतिडकीने शिकवायचे. पण तीन वर्षांत एकदाही आम्ही कॉलेजच्या फाटकापासून दोन किलोमीटरवरच्या मार्केट यार्डात गेलो नाही. गणित तर नव्हतंच. माझी एक मैत्रीण एम.ए.ला शहरात गेली, तर पहिल्याच आठवड्यात फळ्यावर उलट्या सहासारखं एक चिन्ह आलं. ते काय, हे विचारायची तिला लाज वाटली. दिवाळीनंतर ती परत आली ती कायमचीच. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला बारावीला गणित असावंच लागतं. आपल्याकडे गणित टाळायला म्हणून मुलं आर्ट्सला येतात आणि तिथे अर्थशास्त्र घेतात. ती भिंत मग पाच वर्षांनी लागते.

“म्हणूनच मी ह्याला म्हणते आहे,” लेकीने मामेभावाकडे बोट केलं. “ह्याचं गणित आहे. ह्याने वाया घालवू नये.”

“आणि तुझं?” मी विचारलं. “तुला तर सगळं गणितच आहे.”

मग तिने जे सांगितलं ते दादासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. पहिल्या सत्रात कॅल्क्युलस, मग संख्याशास्त्र, मग संगणकावर ‘आर’मध्ये रिग्रेशन. दोन वस्तू विकत घेणाऱ्या एका ग्राहकावर सहा आठवडे. तो ग्राहक कुठे राहतो, त्याला कुणी उधार देतं का, त्याची जात कोणती, बायको शेतात जाते का, काही नाही. “मला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर कसा ठरतो ते सांगता येतं. आपल्या सोसायटीचा कसा ठरतो ते आज मामांकडून कळलं.” शिकणाऱ्यांची ही तक्रार जगभरची आहे. २००८ ची मंदी आली तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेलेल्या इंग्लंडच्या राणीने हे कुणालाच कसं दिसलं नाही असं विचारलं. २०११ मध्ये हार्वर्डमधल्या काही विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्राच्या तासातून उठून बाहेर जाऊन निषेध केला. तिकडे पुस्तकं थोडीफार बदलली. आपल्याकडे सभात्याग होत नाही, आपल्याकडे तास आधीच रिकामा असतो. हे माझं जरा कडवट बोलणं झालं, पण राहू दे.

दादाला आता जोर आला. “धनंजयराव गाडगीळ कोण होते? अर्थशास्त्राचेच ना? पुण्यात १९३० साली गोखले इन्स्टिट्यूट निघाली, तिचे पहिले संचालक. पण ते पुण्यात बसून नाही राहिले. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर लोणीला आले, शेतकऱ्यांबरोबर बसले, प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, त्याचे ते अध्यक्ष होते. विठ्ठलराव काही कॉलेजात गेले नव्हते. आता सांग, कारखाना कुणी काढला, शिकलेल्याने का न शिकलेल्याने?”

“दोघांनी,” लेक म्हणाली. “विखे पाटलांना माणसं माहीत होती. पण भांडवल कसं उभारायचं, सभासदाने किती शेअर घ्यायचा, उसाचा दर आणि नफा यांची सांगड कशी घालायची, हे दुसऱ्या कुणाला तरी माहीत असायला लागत होतं ना? तुम्ही ह्याला विखे पाटील करताय. करा. पण मग गाडगीळ दरवेळी बाहेरूनच आणायचे का?”

हा टोला बरोबर बसला. दादाने विषय बदलला. म्हणाला, जमीन चार एकर. चार एकरांत अर्थशास्त्र मावत नाही.

“त्यावर तर बाबासाहेबांनी लिहिलंय,” लेक म्हणाली. हे तिला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं, ती वसतिगृहात कुणाकडून तरी आणून वाचून आली होती. लोकांना बाबासाहेब बॅरिस्टर म्हणून आणि घटनाकार म्हणून ठाऊक. पण कोलंबियातली एम.ए. अर्थशास्त्राची, लंडनची डी.एस्सी. अर्थशास्त्राची, आणि मुंबईत सिडनहॅम कॉलेजात ते शिकवत होते तेही अर्थशास्त्रच. १९२३ चं त्यांचं रुपयावरचं पुस्तक प्रसिद्ध आहे. १९१८ चा शेतीच्या लहान तुकड्यांवरचा लेख त्या मानाने कुणी उघडत नाही. त्या वेळी सगळे म्हणत होते की तुकडे जोडा, म्हणजे शेती सुधारेल. त्यांनी विचारलं, लहान म्हणजे किती लहान? एकरांवरून ते ठरत नाही. त्या जमिनीवर किती हात, किती अवजारं, किती भांडवल, यावरून ठरतं. आपल्याकडे जमिनीवर रिकामे हात फार आहेत. त्यांना शेतीबाहेर काम मिळालं नाही तर तुकडे जोडून काही होणार नाही. उपाय शेतात नाही, कारखान्यांत आहे.

दादा मान खाली घालून ऐकत होता. वडिलांची जमीन आठ एकर होती. दोघा भावांत चार-चार झाली. तिसरा वाटा माझा होता. २००९ मध्ये तलाठ्याच्या कचेरीबाहेर उभी राहून मी हक्कसोडपत्रावर सही केली. कागदात ‘स्वखुशीने’ असा शब्द होता. कायद्याने २००५ मध्येच मुलींना बरोबरीचा हिस्सा दिला होता, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी काय सोडलं आणि त्याच्या बदल्यात काय राखलं, हा हिशोब मी अर्थशास्त्राची पदवीधर असून कधी मांडला नाही. त्या संध्याकाळीही नाही मांडला. फक्त लेकीच्या तोंडून ‘तिसरा वाटा’ असा शब्द निघेल की काय, या भीतीने मी पटकन म्हटलं, “चहा गार होतोय.”

चहा केव्हाच संपला होता.

नोकरीचं काय, हा प्रश्न दादाने शेवटी विचारला, म्हणजे खरं तर तोच पहिला होता. लेक खोटं बोलली नाही, हे मला आवडलं. नुसत्या पदवीवर फार काही मिळत नाही, असं ती म्हणाली. पुढे दोन वर्षं एम.ए. किंवा एम.एस्सी. करावी लागते. मग रिझर्व्ह बँकेची परीक्षा, इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, बँकांतली आणि कंपन्यांतली आकडेमोडीची कामं, संस्थांची सर्वेक्षणं. वर्गातली बरीच मुलं एमपीएससीची पुस्तकं मांडीवर ठेवून तासाला बसतात, काही सीएफए करतात. ॲग्रीवाल्याला निदान कृषी सेवा केंद्र टाकता येतं, असं दादा म्हणाला, आणि त्याचं चूक नव्हतं. आता तर मेजर-मायनर, तीन वर्षांवर बाहेर पडा की चौथं करा, असं सगळं नवीन आहे. ते ऐकून वहिनी म्हणाली, एवढ्यात तर पोराचं लग्न होईल.

पोरगा आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. लासलगावचे त्या दिवशीचे भाव मोबाइलवर बघत बसला होता, कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. तो एकदम म्हणाला, “पप्पा, समिती तीन आकडे देते. पण आपल्याला कधीच सरासरी मिळत नाही. कधी खालीच मिळतं, कधी थोडं वर. आपण नेमके कुठे असतो?”

“म्हणजे?”

“म्हणजे गेल्या वीस वर्षांत आपल्याला त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा कमी मिळालं की जास्त? प्रतवारीमुळे की उशिरा गेल्यामुळे? तुमच्याकडे पट्ट्या आहेत ना सगळ्या?”

लेक उठून उभीच राहिली. हे तिला दोन वर्षांत सुचलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पट्ट्या होत्या. देवघराच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात रबराने बांधलेली वर्षवार बंडलं. काटापट्ट्या, हिशोबपट्ट्या, काही इतक्या पुसट की उजेडासमोर धराव्या लागत. दादा डबा घेऊन आला, पण हातातून सोडेना.

“ह्यात सगळं दिसेल,” तो म्हणाला. “उचल किती घेतली, कुणाकडून, कधी. कॉलेजात दाखवणार का तुम्ही?”

“नाव काढून टाकू, मामा. फक्त तारीख, वजन आणि भाव.”

“आणि ॲग्री?”

“तो फॉर्म भरू दे की. दोन्ही भरू दे.”

बाहेर पुन्हा थेंब पडायला लागले. पोरगा चाळीवरची ताडपत्री ओढायला पळाला. दादाने डबा ओट्यावर ठेवला, एक बंडल सोडलं, बोटाला थुंकी लावून पट्ट्या चाळल्या आणि त्यातल्या तीन-चार काढून बंडीच्या खिशात टाकल्या. कोणत्या सालच्या, ते मला विचारावं लागलं नाही.

लेकीनेही पाहिलं. “मामा, त्या काढल्या तर आपली सरासरी उगाच वर जाईल.”

“जाऊ दे,” दादा म्हणाला.